जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी सकाळी आमचे शेजारी दारात येऊन उभे राहिले. ते रिक्षा चालवितात. सकाळची वेळ म्हणजे त्यांच्या धंद्याची वेळ. ती सोडून आले, म्हणजे काम तसेच असले पाहिजे, हे आम्ही ओळखले. हातात एका दुकानाचा कागद होता. म्हणाले, "भाऊ, पोरीचा कॉम्प्युटर आता चालणार नाही म्हणे. कंपनीनंच बंद केलाय. नवा घ्यावा लागेल. दुकानवाला हप्ते बांधून देतो म्हणतोय. सही करायच्या आधी म्हटलं तुम्हाला कागद दाखवावा."

आम्ही कागद पाहिला. रोखीने ३४ हजार रुपये. हप्त्याने घेतल्यास दरमहा २२०० रुपये, असे १८ महिने. गुणाकार केला तर ३९ हजार ६०० रुपये होतात. म्हणजे हातात रोख नाही, एवढ्याच कारणासाठी ५ हजार ६०० रुपये जास्त. घरात रिक्षाचा हप्ता अगोदरच चालू. मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, टॅली शिकते आहे. धाकटा दहावीला. तिच्यासाठी २०१९ साली एका कचेरीतून विक्रीला निघालेला जुना संगणक त्यांनी घेतला होता. त्यावर दोन्ही मुले शिकली. आता तोच 'बंद' झाला म्हटल्यावर बापाच्या पोटात गोळा येणे साहजिक होते.

दुकानदार अगदीच खोटे बोलत होता असे नाही. तो अर्धे खरे बोलत होता. आणि गरिबाच्या घरात अर्धे खरे फार महागात पडते. म्हणून पूर्ण काय ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या वस्त्यांतून असे जुने संगणक आता घरोघरी आहेत, आणि 'नवा घ्या' हा सल्लाही घरोघरी पोहोचला आहे.

संगणक बंद पडत नाही, मग बंद काय होते?

संगणकाच्या पेटीत विंडोज नावाची जी कार्यप्रणाली असते, तिच्यावर बाकी सारे काम चालते. विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची मोफत देखभाल थांबविली. याचा अर्थ १५ तारखेला सकाळी संगणक उघडणार नाही, असा नाही. तो उघडतो, टाइप होते, टॅली चालते, छपाईही होते. थांबते ती डागडुजी.

ही डागडुजी म्हणजे काय? घराच्या दाराला कुलूप असते. एखादा चोर त्या जातीच्या कुलपाची खोड शोधून काढतो. मग कुलूप करणारा नवी चकती बसवून देतो. संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या कार्यप्रणालीत चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवीत राहते. अमेरिकेतील दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट अशी दुरुस्ती पाठविते. त्यालाच आपण 'अपडेट' म्हणतो. पडद्यावर नवे चित्र येणे, बटणांची जागा बदलणे ही त्यातली वरवरची गोष्ट. मुख्य काम चोरवाट बुजविण्याचे.

हे न केल्यास काय होते, त्याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव जगभर पसरला. तो संगणकातील फायलींना कुलूप घाली आणि उघडण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांचे काम विस्कळीत झाले, रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, ती चोरवाट बुजविणारे अपडेट कंपनीने १४ मार्च रोजीच दिले होते. जवळपास दोन महिने ते उपलब्ध होते. ज्यांनी घातले नाही, ते सापडले.

तेव्हा 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?' असे कोणी म्हणू नये. मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, जातीच्या दाखल्याची प्रत, आधार, बँकेचा पासवर्ड हे सारे त्या पेटीतच असते. श्रीमंताच्या खात्यातून दहा हजार गेले तर तो चिडतो. आपल्या खात्यातून गेले तर त्या महिन्याचे रेशन जाते.

आमचीच फजिती

हे सारे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगतो आहोत असे वाटेल, म्हणून अगोदर आमची फजिती सांगतो. आमची नोकरी कारकुनाची. दिवसभर संगणकासमोरच बसतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते चुका करूनच शिकलो.

२०१८ साली वस्तीतील वाचनालयाचा जमाखर्च आमच्या घरच्या संगणकावर होता. विंडोज ७ काढून १० घालावे असे आमच्या मनात आले. एका संध्याकाळी बटण दाबले आणि जेवायला बसलो. मध्येच वीज गेली. वीज आली, पण संगणक पूर्ववत होईना. दुरुस्तीवाल्याकडे नेला. आत काय ठेवले आहे, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. दोन तासांत त्याने संगणक चकाचक करून दिला. आतली डिस्क साफ पुसून! तीन वर्षांची वर्गणी, पुस्तकांची खरेदी, वीजबिले, सारे गेले.

पुढच्या सभेत एका ज्येष्ठांनी सहज विचारले, "साहेब, यंदाचा हिशोब कुठाय?" त्यांच्या मनात काही नव्हते. पण ज्या माणसाने बी. कॉम. केले, जन्मभर लेजर लिहिले, त्याला लोकांच्या पैशाचा हिशोब दाखविता येऊ नये, याची शरम शब्दांत सांगता येत नाही. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती पेटीत शाबूत होत्या म्हणून अब्रू वाचली. चार रविवार बसून एकेक पावती पुन्हा लिहून काढली. तेव्हापासून एक गोष्ट आम्ही गाठीला बांधली आहे: अगोदर प्रत, मग अपडेट.

पहिले काम : प्रत काढणे

शेजाऱ्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलगी घाबरलेली होती. आम्ही म्हटले, "बाळ, आज कशालाही हात लावायचा नाही. आधी तुझं जे काय आहे ते बाहेर काढून ठेवायचं."

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स या चार जागी घरातल्या माणसांच्या बहुतेक फायली असतात. त्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. टॅलीचा डेटा टॅलीतल्याच बॅकअपच्या सोयीने घ्यावा. प्रती दोन असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. प्रत घेतली म्हणजे काम झाले असेही नाही. दुसऱ्या संगणकावर लावून दोनचार फायली उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत म्हणजे शाई उडालेली पावती.

मराठी वाचकांनी येथे आणखी एक काळजी घ्यावी. पूर्वी डीटीपीच्या काळात आपण निरनिराळ्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करीत होतो. कार्यक्रमपत्रिका, निवेदने, संस्थेचे ठराव हे सारे त्यातच आहे. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून फायलींबरोबर तो फॉन्टही उतरवून ठेवावा. सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाची जागा असते, तेथे तो सापडतो. पुढे सवडीने ही कागदपत्रे युनिकोडमध्ये करून घ्यावीत. युनिकोडमधले मराठी कोणत्याही नव्या संगणकावर आणि मोबाइलवर तसेच दिसते.

दुसरे काम : आपली पेटी ओळखणे

सेटिंग्ज उघडून 'सिस्टिम' आणि त्यातील 'अबाउट' येथे गेल्यास प्रोसेसरचे नाव, रॅम किती आणि विंडोजची कोणती आवृत्ती ते दिसते. हे तीन आकडे वहीत लिहून घ्यावेत. दुकानात जाताना ही वही बरोबर असावी. जो ग्राहक आकडे सांगतो, त्याला सहसा कोणी फसवीत नाही.

नव्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीने मान्य केलेला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर चालतो. पिढी कशी ओळखावी? आय३-६१०० असे लिहिले असेल तर रेघेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. आय५-८२५० म्हणजे आठवी. आय५-१०२१० असे पाच आकडे असतील तर पहिले दोन धरावेत, म्हणजे दहावी. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' नावाचे मोफत साधनही आहे. ते होय की नाही, आणि नाही तर का नाही, ते सांगते. कधी कधी टीपीएमची सोय आत असते, पण बंद करून ठेवलेली असते. जाणकाराकडून ती पाहून घेतल्याशिवाय नापास समजू नये.

शेजाऱ्यांच्या पेटीत सहाव्या पिढीचा प्रोसेसर निघाला. रॅम ४ जीबी, डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची. म्हणजे विंडोज ११ चा रस्ता बंद. पण आणखी एक गोष्ट निघाली. वर्षाहून अधिक काळ त्या संगणकात एकही अपडेट शिरलेले नव्हते! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबीचा पॅक भराभर संपतो म्हणून वडिलांनी कोणाकडून तरी सेटिंग बदलून घेतली होती. 'मीटर्ड कनेक्शन' चालू केले की बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. पॅक वाचला, पण दार उघडे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच असेल. ही सेटिंग ठेवायला हरकत नाही, मात्र महिन्यातून एकदा हाताने अपडेट उतरवून घ्यावे. ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे अशा नातलगाकडे किंवा वाचनालयात पेटी नेऊन घ्यावे.

तीन रस्ते

पहिला रस्ता, ज्यांचा संगणक विंडोज ११ च्या परीक्षेत पास होतो त्यांचा. मूळ विंडोज अधिकृत असेल तर हा बदल मोफत आहे. विंडोज अपडेटच्या पानावरूनच तो होतो. त्यासाठी कोणी परवान्याचे पैसे मागितल्यास देऊ नयेत.

दुसरा रस्ता, जे नापास होतात पण ज्यांना विंडोजच लागते त्यांचा. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षेची दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची योजना जाहीर केली. तिच्यासाठी आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. त्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू ठेवल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. अपडेटच्या पानावर नाव नोंदविण्याची जागा दिसते. हा रस्ता कायमचा नाही, हे विसरू नये. ही मुदत म्हणजे पैसे साठविण्यासाठी मिळालेला अवधी आहे.

तिसरा रस्ता लिनक्सचा. ही मोफत कार्यप्रणाली आहे. तिच्यातील 'लिनक्स मिंट' जुन्या पेटीवर चांगली चालते. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असल्यास उत्तम. २०२४ साली आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत आहे. पत्र लिहिणे, तक्ता करणे, इंटरनेट पाहणे, मराठी टाइप करणे हे सारे तिच्यावर होते. सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळातील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. तेव्हा 'फुकटचे म्हणजे कमी दर्जाचे' हा समज सोडावा. आणखी सोय अशी की, पेन ड्राइव्हवरून चालू करून, आतले काहीही न पुसता ही प्रणाली अगोदर पाहता येते. उणीव एवढीच की, टॅलीसारखी विंडोजसाठी केलेली कामे तिच्यावर सरळ चालत नाहीत. ज्यांच्या घरी अजून विंडोज ७ आहे, त्यांनी मात्र या रस्त्याचा जरूर विचार करावा. त्या आवृत्तीची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीच संपली आणि २०२३ पासून क्रोमची नवी आवृत्तीही तिच्यावर येत नाही.

हे करू नये

दुकानातून 'क्रॅक' केलेले विंडोज घालून घेऊ नये. ज्या हत्याराने कुलूप फोडले, तेच हत्यार घरात ठेवल्यासारखे ते आहे. त्यातूनच अनेकदा उपद्रव शिरतो. "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमच्या संगणकात व्हायरस आहे," असा फोन आला किंवा पडद्यावर मोठ्या अक्षरांत नंबर झळकला, तर तो ठगाचा समजावा. कंपनी अशी घरोघरी फोन करीत नाही. सांगितलेले ॲप घेऊ नये, ओटीपी देऊ नये. पैसे गेलेच तर लाज बाळगून गप्प न बसता त्याच घटकेला १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी पैसे अडविण्याची आशा कमी.

अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. 'बंद करू नका' अशी सूचना पडद्यावर असेपर्यंत पेटीला हात लावू नये. कधी पाऊण तास लागतो, कधी त्याहून अधिक. कंटाळून बटण दाबले की आमच्यासारखी गत होते.

पुढे काय झाले?

मुलीने त्या रविवारी प्रत काढली. दुसरी प्रत तिने स्वतः होऊन मावशीकडे ठेवायला दिली. पुढच्या आठवड्यात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली आणि ४ जीबी रॅम वाढविली. दुकानात वही घेऊन तीच पुढे झाली. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे तिने अगोदरच पाहून ठेवले होते, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पक्के बिल घेतले. सारा खर्च त्या हप्त्यांच्या तुलनेत फार थोडा आला, आणि तो रोखीने भागला. नंतर वाचनालयाच्या ब्रॉडबँडवर तिने संगणक २२एच२ वर आणला, वाढीव मुदतीसाठी नाव नोंदविले. पूर्वी चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेणारी पेटी आता मिनिटाच्या आत उघडते.

शेजारी म्हणाले, "म्हणजे भाऊ, नवा घ्यायचाच नाही का?"

आम्ही म्हटले, "घ्यायचा ना. मुदत संपेल तेव्हा घ्यायचा. पण तोवर डबा करून पैसे साठवायचे आणि रोखीने घ्यायचा. तेव्हा हा जुना फेकायचा नाही. त्यात लिनक्स घालून धाकट्याला द्यायचा."

ते हसले. दुकानाच्या कागदाची त्यांनी घडी केली आणि रिक्षाच्या कप्प्यात टाकून दिली.

मुलीच्या टेबलापाशी आता भिंतीवर एक कागद चिकटविलेला आहे. दर महिन्याचा दुसरा बुधवार : अपडेट. महिनाअखेर : बॅकअप. तिच्या हातचे अक्षर आहे. वस्तीतील आणखी चार घरांचे संगणक तिने याच पद्धतीने मार्गी लावले, आणि प्रत्येक घरी पहिला प्रश्न ती हाच विचारते, "काका, पेन ड्राइव्ह आहे ना?"

वाचनालयाच्या हिशोबाच्याही आता दोन प्रती असतात. एक आमच्याकडे, दुसरी तिच्याकडे. सभेत कोणी विचारले तर दोघांपैकी कोणाकडेही दाखवायला हिशोब तयार असतो. आपणही या रविवारी तासभर वेळ काढा, घरातल्या पेटीचे तीन आकडे वहीत लिहा आणि एक प्रत काढून ठेवा. दुकानाची पायरी चढायची ती त्यानंतर.